लिस्बन : उतरल्यापासून झोपेपर्यंत

आपल्याकडच्या युरोप सहलींमध्ये लिस्बनचा नंबर उशिरा लागतो. पॅरिस, रोम, स्वित्झर्लंड झाले की मग कधीतरी पोर्तुगाल. खरे तर कोकण-गोव्याच्या इतिहासाशी इतके घट्ट बांधलेले दुसरे युरोपीय शहर नाही. १५१० ते १९६१ या काळात गोव्याचे मोठे निर्णय याच शहरातून होत होते. म्हणून मराठी प्रवाशाने इथला पहिला दिवस घाईत घालवू नये, असे मला मनापासून वाटते.

बहुतेक जण पहिल्याच दिवशी बेलेम, किल्ला आणि पिवळी ट्राम असे तिन्ही उरकायला धावतात आणि संध्याकाळी पाय धरून बसतात. त्यापेक्षा आधी बस्तान बसवावे आणि दिवस मावळेपर्यंत एकच वाट चालावी. रोसियू चौकातून नदीपर्यंत आणि नदीवरून सांता लुझियाच्या सज्जापर्यंतची ही वाट दोन किलोमीटरच्या आतबाहेर आहे. ती चालून झाली की शहराची रचना लक्षात येते, आणि आपल्याशी असलेले त्याचे नातेही त्याच वाटेवर भेटते. इथे दुपारच्या सुमारास उतरणारा प्रवासी गृहीत धरला आहे.

विमानतळावर

फ्रँकफर्ट, पॅरिस अशा शेंगेन देशातल्या शहरात विमान बदलले असेल, तर पासपोर्टची तपासणी तिथेच होते आणि लिस्बनला थेट सामान घेऊन बाहेर पडता येते. दुबई किंवा दोहामार्गे आलात तर तपासणी लिस्बनला होते. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात प्रवाशांच्या नोंदणीची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तिच्यात बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेतात, त्यामुळे रांगेला वेळ धरूनच पुढचे बेत आखावेत. राहण्याचे आरक्षण, परतीचे तिकीट आणि विम्याचा कागद हातातल्या पिशवीत ठेवावा.

खाऊच्या पिशवीबद्दल एक नियम माहीत असायला हवा. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, खव्याची बर्फी, पनीर या सगळ्याला हा नियम लागू होतो. आंब्याची पेटीही रोगमुक्ततेच्या प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही. बाकरवडी, चिवडा, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्यावी.

विमानतळ शहरातच आहे आणि मेट्रो त्याच्या दारातून सुटते. लाल मार्गाने आलामेदा स्थानकापर्यंत जायचे, तिथे हिरव्या मार्गावर गाडी बदलायची. रोसियू किंवा बायशा-शियादू ही मध्यवर्ती स्थानके साधारण अर्ध्या तासात येतात. विमानतळाच्या मेट्रो स्थानकाच्या भिंतींवर पोर्तुगालच्या नामवंतांची दगडात कोरलेली व्यंगचित्रे आहेत. यंत्रातून ‘नावेगांत’ नावाचे साधे कार्ड अर्ध्या युरोला मिळते, त्यात हवे तेवढे पैसे भरता येतात. एका कार्डावर एकच माणूस प्रवास करू शकतो. चौघांचे कुटुंब असेल तर चार कार्डे घ्यावीत, नाहीतर फाटकाशी खोळंबा होतो. मोठ्या बॅगा किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर मेट्रोचा हट्ट नको. मीटरची टॅक्सी किंवा ॲपवरची गाडी करावी.

मुक्काम

बहुतेक हॉटेलांत खोली दुपारी तीननंतर ताब्यात मिळते. त्याआधी पोहोचलात तरी बॅगा ठेवून घेतात. भाड्याच्या फ्लॅटमध्ये मात्र किल्ली दारावरच्या आकड्यांच्या पेटीत असते आणि बॅगा ठेवून घ्यायला कोणी नसते. म्हणून आरक्षण करतानाच हा प्रश्न विचारून ठेवावा. दुसरा प्रश्न लिफ्टचा. आल्फामा आणि मोरारिया या जुन्या वस्त्या फोटोत फार सुंदर दिसतात, पण तिथे दारापर्यंत गाडी जात नाही आणि घरात अरुंद, उभा जिना असतो. पहिल्या खेपेला बायशाच्या सपाट भागात किंवा एखाद्या मेट्रो स्थानकाजवळ राहणे सोयीचे.

पत्त्यात इमारतीच्या क्रमांकानंतर मजल्याचा आकडा आणि त्यापुढे ‘एश्क.’ किंवा ‘द्तू.’ असे लिहिलेले असते. जिना चढून गेल्यावर डावीकडचे दार की उजवीकडचे, ते यावरून कळते. हे ठाऊक नसले की माणूस शेजाऱ्याच्या दाराला किल्ली लावत बसतो.

खोलीच्या भाड्याशिवाय शहराचा पर्यटक करही द्यावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून तो दर माणशी, दर रात्री ४ युरो आहे आणि जास्तीत जास्त सात रात्रींसाठी घेतात. लहान मुलांना तो नाही.

पैसे, पाणी, प्लग

परदेशातले व्यवहार कार्डावर चालू करण्याची सोय बँकेच्या ॲपमध्ये असते. ते काम घरूनच करून निघावे. रोख हवी तर ‘मल्टिबांको’ अशी पाटी असलेल्या एटीएममधून काढावी. यंत्राने रुपयांत हिशेब करू का, असे विचारले तर नाही म्हणावे आणि युरोच निवडावे. रुपयांचा दर नेहमीच महाग पडतो. नळाचे पाणी पिण्याजोगे आहे, तेव्हा बाटली भरून घ्यावी. मोबाइल चार्जरची बारीक दोन पिनांची टोके तिथल्या प्लगमध्ये बसतात, आपल्या तीन पिना बसत नाहीत. तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२.

खाण्याच्या वेळा

नवख्या प्रवाशाची सगळ्यात जास्त उपासमार वेळेच्या घोळाने होते. दुपारचे जेवण साधारण साडेबारा ते तीन. त्यानंतर बहुतेक स्वयंपाकघरे बंद होतात, ती सात-साडेसातनंतरच उघडतात. खोली मिळून, आंघोळ होऊन, चार वाजता जेवायला बाहेर पडलेल्याला म्हणूनच ‘पाश्तेलारिया’ गाठावी लागते. ही इथली गल्लोगल्ली असलेली बेकरी-उपाहारगृहे. चीज घातलेला गरम टोस्ट, संत्र्याचा रस, ‘बिका’ म्हणजे छोट्या कपातली कडक कॉफी आणि कस्टर्डने भरलेला ‘पाश्तेल द नाता’ एवढ्यात संध्याकाळपर्यंतची सोय होते. नातामध्ये अंड्याचा बलक असतो, हे अंडे न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. काचेच्या कपाटात बरेचदा ‘शामुसा’ही दिसतो. तो आपलाच समोसा. त्यात मांस आहे का, हे आधी विचारावे.

शाकाहारी माणसाने ‘सें कार्न, सें पेइश’ एवढे पाठ करावे, म्हणजे मांस नको, मासे नकोत. नुसते शाकाहारी म्हटल्याने भागत नाही. ‘काल्दू व्हेर्द’ हे बटाटा आणि हिरव्या पानांचे सूप दिसायला निर्धोक असते, पण त्यात डुकराच्या सॉसेजची चकती टाकण्याची पद्धत आहे.

उपाहारगृहात बसताच न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येते. ते फुकट नसते. नको असेल तर हात न लावता परत पाठवावे, त्याचे पैसे लागत नाहीत. यात कोणी वाईट मानत नाही.

भाताची, डाळीची आठवण पहिल्याच दिवशी आली तर मार्तीं मोनिश चौक गाठावा. त्याला लागून असलेल्या बेंफोर्मोझू रस्त्यावर बांगलादेशी, भारतीय आणि नेपाळी दुकाने आहेत. डाळी, मसाले, कोथिंबीर सगळे मिळते.

वाट : रोसियू ते नदी

रोसियू चौकात उभे राहिले की आधी पायाखाली पाहावे. काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा सगळ्या चौकभर पसरल्या आहेत. पांढरा चुनखडी, काळा बेसाल्ट. लिस्बनचे जवळजवळ सगळे पदपथ असे हातांनी दगड बसवून केलेले आहेत. ते झिजून गुळगुळीत होतात आणि पावसात फार निसरडे होतात, म्हणून पकड असलेले बूट हवेत.

चौकाच्या उत्तरेला खांबांचे राष्ट्रीय नाट्यगृह आहे. ते १८४६ मध्ये उघडले. त्या जागी पूर्वी इन्क्विझिशनचा वाडा होता. गोव्यात १५६० मध्ये जे धर्मन्यायालय आले, त्याची ही लिस्बनमधली गादी. नाट्यगृहाच्या बाजूला दोन मिनिटांवर सांव दोमिंगुश चर्च आहे. १५०६ मध्ये याच परिसरात ज्यू-कुळातल्या लोकांची सामूहिक कत्तल सुरू झाली. चर्चसमोर तिचे स्मारक आहे. आत शिरल्यावर काळवंडलेले, तडकलेले खांब दिसतात. १९५९ च्या आगीच्या खुणा तशाच राखल्या आहेत. इथे पाच मिनिटे तरी थांबावेच.

तिथून आउगुश्ता रस्त्याने सरळ नदीकडे चालायचे. हा भाग म्हणजे बायशा. एकमेकांना काटकोनात छेदणारे सरळ रस्ते आणि सारख्या उंचीच्या इमारती पाहून वाटते, हे जुने शहर नव्हेच. तसे ते नाहीच. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये जमलेले असताना भूकंप झाला. मग नदीतून समुद्राच्या लाटा चढल्या आणि पाठोपाठ कित्येक दिवस आग धुमसत राहिली. जुने लिस्बन संपले. पंतप्रधानपदावर असलेल्या पोंबाल या कर्तबगार आणि कठोर माणसाने हा सगळा भाग नव्याने आखला. भिंतींच्या आत लाकडी पिंजरा उभारून इमारती धक्का सोसतील अशा बांधल्या. भूकंप ध्यानात धरून एवढे मोठे बांधकाम युरोपात त्याआधी क्वचितच झाले असेल. रस्त्यांना धंद्यांची नावे दिली, सोन्याचा रस्ता, रुप्याचा रस्ता, चांभारांचा रस्ता. ती अजून आहेत.

कमानीतून पलीकडे गेले की कोमेर्सियू चौक लागतो. तीन बाजूंना पिवळ्या कमानींचे सज्जे, चौथी बाजू तेजू नदीला मोकळी. इथे नदी इतकी रुंद आहे की समुद्रच वाटतो. भूकंपापूर्वी या जागी राजवाडा होता आणि राजवाड्यालगत ‘काझा दा इंदिया’. हिंदुस्थानच्या व्यापाराची ही सरकारी कचेरी. मिरी, दालचिनी, लवंग इथे उतरून घेत, तोलत, विकत. गोव्याला जाणाऱ्या जहाजांचे हिशेब आणि हुकूम इथेच होत. १७५५ मध्ये ती पूर्ण नष्ट झाली. आज तिचा मागमूसही नाही, तरी मराठी प्रवाशाने या चौकात ती मनाने उभी करून पाहावी. कोकण किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांचे बरेवाईट इथल्या कागदांवर ठरले.

याच चौकात २५ एप्रिल १९७४ च्या सकाळी बंडखोर सैन्याच्या चिलखती गाड्या आल्या आणि संध्याकाळपर्यंत पोर्तुगालची जवळपास पन्नास वर्षांची हुकूमशाही कोसळली. त्या दिवसाचा धागा पुढे लागतोच.

वाट : नदी ते सांता लुझिया

चौकातून नदी उजवीकडे ठेवून पूर्वेला पाच-सात मिनिटे चालले की हिऱ्याच्या पैलूंसारखे टोकदार दगड बसवलेली एक इमारत दिसते. ही ‘काझा दुश बिकुश’. १५२३ च्या सुमारास ती बांधवणारा ब्राश द आल्बुकेर्क हा गोवा जिंकणाऱ्या आफोंसू द आल्बुकेर्कचा मुलगा. भूकंपात वरचे दोन मजले गेले, ते १९८० च्या दशकात पुन्हा चढवले. आता इथे जुझे सारामागू यांचे प्रतिष्ठान आहे. १९९८ चे साहित्याचे नोबेल मिळवणारा हा शेतमजुराच्या घरातला लेखक. समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांची रक्षा पुरली आहे.

इथून चढ सुरू होतो. सावकाश चढावे. दहा मिनिटांत सेचे, म्हणजे शहराच्या कॅथीड्रलचे, दोन बुरूज दिसतात. मूरांकडून लिस्बन घेतल्यावर ११४७ मध्ये हे बांधायला घेतले. त्याच्या शेजारची साधी, रुक्ष दिसणारी इमारत पर्यटक बहुधा न पाहताच पुढे जातात. मला तर या वाटेवर सगळ्यात मोलाची तीच वाटते.

हे आल्जूब. १९२८ ते १९६५ राजकीय कैद्यांचा तुरुंग, आणि २०१५ पासून प्रतिकार व स्वातंत्र्याचे संग्रहालय. माणूस जेमतेम आडवा होईल एवढ्या अंधाऱ्या कोठड्या इथे पाहायला मिळतात. गुप्त पोलिसांची छळाची पद्धत, बंदी घातलेली छपाई, वसाहतींतले लढे, सगळे नीट मांडले आहे. पुढे वकील झालेले मारियू सुआरिश हे इथले एक कैदी होते. १९४९ मध्ये त्यांचे लग्नही तुरुंगात असतानाच झाले. १९७४ च्या क्रांतीनंतर तेच परराष्ट्रमंत्री झाले, आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत त्यांनी ज्या करारावर सही केली, त्यात पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. भारताच्या बाजूने सही करणारे परराष्ट्रमंत्री होते यशवंतराव चव्हाण. कृष्णाकाठचा स्वातंत्र्यसैनिक आणि आल्जूबचा कैदी एका टेबलाशी बसले होते, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकांत ठळकपणे यायला हवी होती.

आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे यांची आठवणही इथेच येते. १९५५ मध्ये पकडलेल्या रानड्यांना पुढे पोर्तुगालला नेले आणि लिस्बनलगतच्या काशियास किल्ल्यात ठेवले. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये. त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत सुधीर फडके पुढे होते. काशियासला आजही तुरुंगच आहे, आत जाता येत नाही. त्यामुळे त्या काळाची कल्पना यायची तर आल्जूबमध्येच. सोमवारी ते बंद असते आणि इतर दिवशी संध्याकाळी सहापर्यंतच उघडे, म्हणून वाटेवर वेळेचा हिशेब याच्यासाठी करावा.

आणखी पाच-सात मिनिटे चढले की सांता लुझियाचा सज्जा. वेलींचा मांडव, निळ्या टाइल्सचे बाक, खाली आल्फामाची लाल कौले आणि पलीकडे नदी. चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या टाइल्सचे एक चित्र आहे, त्यात भूकंपापूर्वीचा राजवाड्याचा चौक दिसतो. मघाशी मनाने उभे केलेले इथे पडताळून पाहता येते. सूर्य इथे पाठीमागे टेकडीआड जातो, पण शेवटचे ऊन समोरच्या घरांवर पडते. जूनमध्ये नऊनंतरही उजेड असतो. डिसेंबरमध्ये सव्वापाचलाच सूर्य मावळतो, तेव्हा हिवाळ्यात बॅगा टाकल्या की लगेच निघावे.

गुडघे आणि खिसे

चढ जमणार नसेल तर फांकेइरुश रस्त्यावरून माडालेना रस्त्यावर नेणारी शहराची मोफत लिफ्ट आहे. तिथून थोडे चालून दुसरी लिफ्ट थेट किल्ल्याच्या पायथ्याशी सोडते. ३ सप्टेंबर २०२५ च्या ग्लोरिया दोरगाडीच्या दुर्घटनेत सोळा माणसे गेली आणि चढावरच्या दोरगाड्या तपासणीसाठी थांबवल्या. कुठली सुरू आहे, ते हॉटेलात विचारूनच निघावे.

शहर एरवी निर्धास्त फिरण्याजोगे आहे, पण खिसेकापू आहेत, आणि त्यांची आवडती जागा २८ नंबरची ट्राम. पिशवी छातीशी, मोबाइल आतल्या खिशात. आउगुश्ता रस्त्यावर कोणी जवळ येऊन अमली पदार्थ हवेत का, असे पुटपुटले तर उत्तर न देता चालत राहावे.

झोप

लिस्बन हिवाळ्यात भारताच्या साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार तास. उन्हाळ्यात तिथे संध्याकाळचे साडेपाच वाजतात तेव्हा आपल्या शरीराच्या घड्याळात रात्रीचे दहा झालेले असतात. डोळे मिटू लागतात ते यामुळे. पश्चिमेकडे जाताना शरीराचे घड्याळ मागे सरकवायचे असते, आणि त्याला संध्याकाळचा उजेड मदत करतो. ही वाट संध्याकाळी चालायची, याचे हेही एक कारण. दुपारी आडवे झालात तर अर्ध्या तासाचा गजर लावावा. रात्री दहापर्यंत जागावे, जेवण हलके ठेवावे. पहाटे तीन-चारला जाग येईलच. दिवे लावू नयेत, मोबाइल पाहू नये, अंधारात पडून राहावे.

बेलेम दुसऱ्या सकाळी

जिथून ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामा निघाला, ते बेलेम ताज्या डोक्याने पाहण्याचे ठिकाण आहे. काइश दु सुद्रेहून लोकल किंवा १५ नंबरची ट्राम तिथे जाते. जेरोनिमोस मठाच्या चर्चमध्ये शिरताच वास्को आणि कवी कामोंइश यांच्या कबरी समोरासमोर दिसतात. वास्को १५२४ मध्ये कोचीत वारला. आधी तिथेच पुरलेले त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले आणि अखेर १८८० मध्ये इथे आणले. मठ उभा राहिला तो आफ्रिका आणि पूर्वेच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून. चर्चला तिकीट नाही, आतल्या कोरीव ओवऱ्यांना आहे, ते आधीच ऑनलाइन काढावे.

नदीतल्या बेलेम मनोऱ्याच्या एका बुरुजाखाली झिजलेले गेंड्याचे डोके कोरले आहे. गुजरातच्या सुलतानाने दिलेला हा गेंडा गोव्याहून जहाजात चढवला गेला आणि मे १५१५ मध्ये लिस्बनला उतरला. त्याच्या वर्णनावरून चित्रकार ड्यूररने केलेले चित्र युरोपभर पसरले. मनोरा २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद केला होता, पण गेंडा बाहेरच्या अंगाला आहे, तो काठावरून पाहता येतो.

दुसरा दिवस सोमवार असेल तर मठ बंद असतो. मग बेलेम मंगळवारी ठेवावे आणि सोमवारी सकाळी आठच्या आत मार्तीं मोनिशहून २८ नंबरची ट्राम पकडावी. त्या वेळी बसायला जागा मिळते.